टिकली चिंबोरी आणि झोपलेला काटा

एक होती खाडी. खाडीत होती एक मशीनची होडी. होडीत होती एक चिंबोरी. टिकलीएवढी, म्हणून नाव टिकली.

काल काय झालं? टिकली दोराच्या वेटोळ्यात झोपली. होडी निघाली, ढुक ढुक ढुक! आई राहिली पल्याड. टिकली आली अल्याड. सकाळी उठून बघते, तर आई कुठंय? टिकलीला रडूच आलं.

"होडी, होडी, पल्याड चल ना!
आई भेटेना!"

होडी म्हणाली, "डिझेल किती, ते काटा सांगतो. तो तर झोपलाय शून्यावर. मध्येच बंद पडले तर? काटा उठेना, मी जाईना."

टिकली निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु तुरुतुरु.

"काटा, काटा, ऊठ ना!
होडी जाईना,
आई भेटेना!"

काट्यानं दिली जांभई. "आऽऽ! वायर गुदगुल्या करेना, मी उठेना."

टिकली निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु तुरुतुरु.

"वायर, वायर, गुदगुल्या कर ना!
काटा उठेना,
होडी जाईना,
आई भेटेना!"

वायर लोंबत होती, लटक लटक. म्हणाली, "नट मला धरेना, मी गुदगुल्या करेना."

टिकली निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु तुरुतुरु.

"नट, नट, वायर धर ना!
वायर गुदगुल्या करेना,
काटा उठेना,
होडी जाईना,
आई भेटेना!"

नट हलत होता, डुगु डुगु. म्हणाला, "मीच झालोय ढिला! पाना मला पिळेना, मी वायर धरेना."

टिकली निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु तुरुतुरु.

"पाना, पाना, नट पीळ ना!
नट वायर धरेना,
वायर गुदगुल्या करेना,
काटा उठेना,
होडी जाईना,
आई भेटेना!"

पाना म्हणाला, "मला काय पाय आहेत? काका मला उचलेनात, मी नट पिळेना."

काका म्हणजे धर्माकाका. होडी चालवणारे तांडेल. ते काट्याच्या काचेवर टिचक्या मारत होते. टक टक टक!

"काका, काका, पाना उचला ना!
पाना नट पिळेना,
नट वायर धरेना,
वायर गुदगुल्या करेना,
काटा उठेना,
होडी जाईना,
आई भेटेना!"

काका म्हणाले, "अगो बाय, काल डबाभर डिझेल ओतलं मी. ओतताना वाकलो, नि चष्मा गेला! चष्मा मिळेना, नट दिसेना. पाना उचलू कशाला?"

इतक्यात फळीखालून आवाज आला. "मी इथे! मी इथे!"

"चष्मा, चष्मा, वर ये ना!
काका पाना उचलेनात,
पाना नट पिळेना,
नट वायर धरेना,
वायर गुदगुल्या करेना,
काटा उठेना,
होडी जाईना,
आई भेटेना!"

चष्मा म्हणाला, "कसा येऊ? फट केवढीशी! काकांचा हात शिरेना. आहे का कुणी टिकलीएवढं?"

टिकलीनं डोळे पुसले. "आहे की! मी आहे!"

शिरली फटीत. नांगीत धरला चष्म्याचा दोरा. ओढला... ओढला... सुळ्ळकन चष्मा वर!

"शाब्बास गो बाय!" काका हसले.

काकांनी चष्मा घातला.
काकांनी पाना उचलला.
पान्यानं नट पिळला, कर्र कर्र!
नटानं वायर धरली, गच्च!
वायरीनं केल्या गुदगुल्या.
खी खी खी! काटा उठला. चढला, चढला, थेट वरती!

"अगंबाई!" होडी म्हणाली. "पोट तर भरलेलंच होतं माझं!"

ढुक ढुक ढुक, होडी निघाली. पल्याड चिखलात आई उभी होती. टिकली धावली. आई धावली. दोघी तिरक्या तिरक्या, तुरुतुरु तुरुतुरु!

"कुठे होतीस गं?" आईनं तिला जवळ घेतलं.

टिकली म्हणाली, "होडी दुरुस्त करत होते!"

आणि दमून झोपली. दोराच्या वेटोळ्यात नाही हं. आईच्या कुशीत.