स्पीकरकडे पाठ करून

एका संध्याकाळी जिन्यात एक तरुण फोनवर कुणाला तरी सांगत होता, “अरे, काकांचे कान आता...” मला पाहिलं आणि थांबला. पुढचा शब्द मी मनातल्या मनात भरला.

काका म्हणजे आमच्या शेजारी राहणारे एक वृद्ध ध्वनिमुद्रक, आणि तरुण त्यांचा शिष्य. घरी गाणं ऐकायचे स्पीकर तो स्वतः बनवतो. त्याने दोन जोड्या केल्या होत्या. त्यांतली एक दुसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याला दाखवायची होती. पसंत पडली तर नोकरी सोडून हाच व्यवसाय करायचा, असं त्याचं ठरलं होतं. कोणती न्यायची ते काका सांगणार होते. आता गुरूच्या कानांचीच शंका आली, तर बिचाऱ्याने विचारायचं कुणाला?

थोड्या वेळाने काकांनी मला हाक मारली. “वहिनी, तुमच्या भजनी मंडळाला घेऊन या. चहा माझ्याकडे.”

आम्ही चौघी गेलो. काकांनी कुणा मोठ्या गवयाचं गाणं लावलं नाही. त्यांनीच पूर्वी मुद्रित केलेलं आमचं भजन लावलं, आणि स्वतः स्पीकरकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसले. शिष्याचा चेहरा उतरला.

पहिल्या जोडीवर भजन इतकं गोड वाजलं की पेडणेकरबाई म्हणाल्या, “अगं बाई, हे आपण गायलोय?” आम्ही सगळ्याच खूश.

मग दुसऱ्या जोडीवर तेच भजन. लगेच कमलताई माझ्याकडे वळल्या. “ही तू. ओळ तोडून श्वास घेतेस.”

“आणि तुम्ही एकट्याच पुढे पळताय, ते?” मी म्हटलं.

इंदूबाई नेहमी मागे उभ्या राहतात. त्यांचा आवाज आम्ही कधी धड ऐकलाच नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, “तो खालच्या पट्टीतला... तो माझा.”

काकांनी भजन थांबवलं. “ही ने.”

“पण काका, गोड तर पहिलीच आहे. व्यापाऱ्यालाही तीच आवडेल.”

“आवडेल ना. आठवडाभर. पहिली जोडी या चौघींची एक बाई करते. तिच्यावर काहीही लाव, ती त्याला तोच गोडवा फासणार. स्पीकरची पारख करताना पाहावं की, जे मुळात वेगळं आहे ते तो वेगळं ठेवतो का. आणि जिन्यात काय म्हणालास, ते मला घरात ऐकू आलं. फार उंच, बारीक स्वर आता माझ्यापर्यंत पोहोचत नाहीत, हे खरं आहे. म्हणून यांचे चेहरे पाहत बसलो. पहिल्या जोडीला चारही चेहरे सारखे होते. दुसरीला प्रत्येकीला आपापला आवाज सापडला.”

शिष्याने काकांना वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या जोडीच्या वायरी सोडवायला बसला.

“नेण्याआधी एकदा परत लावशील का रे?” इंदूबाईंनी विचारलं.

त्याने वायरी पुन्हा जोडल्या. या वेळी आम्ही तिघी गप्प बसलो.