ओसवाल आणि पतंगे यांच्या मधलं दुकान

"होतं की नव्हतं, एवढंच सांगा बाबा."

दस्तगीरबाबांनी मान वर केली नाही. फकिरांच्या तकियातल्या कडुलिंबाच्या पारावर बसून ते सुपातलं धान्य चिवडत होते.

"काय होतं, मास्तर?"

"रेवणाप्पा वाण्याचं दुकान. वाणीआळीत. ओसवालांच्या आणि पतंग्यांच्या मध्ये."

डॉक्टर त्र्यंबकराव टेंबे यांनी पिशवीतून हाताने काढलेला नकाशा बाहेर काढला, पारावर पसरला आणि उडू नये म्हणून त्यावर पेन्सिल ठेवली. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात इतिहास शिकवला होता. पुरावा नसेल तर ओळ खोडा, हे मुलांना सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. आता उतारवयात गावातल्या जुन्या किराणा दुकानांवर एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं होतं. बावीस दुकानं जागच्या जागी बसली. तेविसावं मात्र त्यांच्याखेरीज कुणालाच आठवत नव्हतं.

नगरपालिकेत नोंद नाही. पतंग्यांचा मुलगा म्हणाला, आमच्या आणि ओसवालांच्या मध्ये पहिल्यापासून एकच भिंत. सख्खा धाकटा भाऊ तर फोनवर हसलाच.

"दादा, तुला स्वप्न पडलं असेल."

त्र्यंबकरावांना हसू आलं नाही. थोरल्या बहिणीचं, आक्कांचं, असंच सुरू झालं होतं. आधी कधीच न घडलेल्या गोष्टी आठवायला लागल्या. शेवटी शेवटी तर त्या आरशातल्या बाईला चहा घेणार का म्हणून विचारायच्या.

"पन्नास वर्षं दर गुरुवारी तुम्ही ऊद घेऊन त्या आळीत फिरलात," त्र्यंबकराव म्हणाले. "एकेका दुकानाला धूर दिलात. तुमच्यासारखा दुसरा साक्षीदार नाही मला."

"फिरलो की."

"मग?"

"धुरानं डोळे झोंबायचे, मास्तर. मी डोळे मिटूनच फिरलो."

त्र्यंबकराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा होती की खरं होतं, काही कळेना.

"पण दारात थांबत असाल ना? कुणी मूठभर घालत असेल..."

"घालायचे की. कुणी तांदूळ, कुणी डाळ. झोळी एकच." बाबांनी सूप त्यांच्यापुढे सरकवलं. "हे आजचं. तांदूळ आहेत, तूरडाळ आहे, मूग आहेत. एवढं वेगवेगळं करून द्या. मग सांगतो."

दुसरा कुणी असता तर हसून उठून गेला असता. त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि मांडी घालून निवडायला घेतलं.

बाबा बिडी ओढत बघत बसले.

"कसं होतं दुकान?" त्यांनी मधेच विचारलं.

"लहान. दोन पायऱ्या..." त्र्यंबकरावांनी मुगाचा दाणा बाजूला काढला. "तीन असतील. नाही, दोनच. पोत्यांची तोंडं बाहेर दुमडलेली. वर आढ्याला सुतळीचा गुंडा टांगलेला. रेवणाप्पा टोक ओढून पुडी बांधायचा, तसा वर गुंडा गरगर फिरायचा."

"बरं."

"की गुंडा ओसवालांकडे होता?..." त्यांचा हात थांबला. "कपाळाला भस्म लावायचा, ते नक्की. म्हणजे... नक्की असं नाही म्हणता येणार."

"तुम्ही कधी जायचा?"

"आई पाठवायची. सहा-सात वर्षांचा असेन. सामान घेऊन झालं की रेवणाप्पा गुळाचा खडा द्यायचा. ओसवाल द्यायचे नाहीत. पतंगे तर नाहीच नाही."

"पतंगे? तो मेलेल्या मुंगीलासुद्धा साखर नाही द्यायचा."

"बघा! म्हणजे तुम्हाला दुकानं आठवतात!"

"पतंगे आठवतो. शिव्या चांगल्या द्यायचा."

त्र्यंबकराव पुन्हा सुपावर वाकले. पारावरची सावली नकाशाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेली, तेव्हा कुठे सुपात तीन ढीग झाले. पांढरा, पिवळा, हिरवा. पाठ भरून आली होती. पण त्या तीन ढिगांकडे बघताना त्यांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. डोकं अजून चालतंय म्हणायचं.

"घ्या. झालं."

बाबांनी सूप उचललं आणि तिन्ही ढीग एकदम पातेल्यात ओतले. वरून पाणी घालून हाताने ढवळले.

"अहो! अहो, हे काय?"

"खिचडी."

"मग मला निवडायला कशाला लावलंत?"

"खडे होते त्यात. तुम्ही काढलेत की नाही?"

"खडे?..." त्र्यंबकरावांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या पायाशी पाच-सहा खडे पडले होते. ते कधी काढले, त्यांना आठवेना.

"बाबा, चेष्टा पुरे. मी घाबरलोय. पुस्तक गेलं खड्ड्यात. ते दुकान नव्हतंच, असं ठरलं, तर माझ्या डोक्यातलं बाकीचं तरी मी कुणाच्या भरवशावर खरं मानू?"

बाबांनी शेवटचा झुरका मारला. बिडी विझवली. मागच्या कोनाड्यातला डबा काढला, झाकण उघडलं.

"हात करा पुढं."

त्र्यंबकरावांनी हात पुढे केला.

बाबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडाकडे.

"डावा? आईनं डाव्या हातानं घ्यायला शिकवलं होय?"

"छे. आई रागवायची. पण उजव्या हातात..."

ते थांबले.

"उजव्या हातात काय?"

"गोडेतेलाची बाटली असायची," त्र्यंबकराव हळूच म्हणाले. "गळ्याला सुतळी बांधलेली. ती बोटात अडकवून..."

त्यांनी खाली पाहिलं. उजवा हात मांडीशेजारी अधांतरी होता आणि त्याचं पहिलं बोट आकड्यासारखं वाकलं होतं. दुसऱ्याच कुणाचं असावं तसं ते त्या बोटाकडे बघत राहिले.

"म्हणजे... होतं!"

बाबा डब्यात बोटं घालून चाचपत होते.

"होतं ना, बाबा?... पण बोटही फसवत असेल तर? आक्कासुद्धा त्या आरशातल्या बाईसाठी खरा कप मांडायची. बशीसकट."

बाबांनी डब्यातून गुळाचा एक खडा काढला आणि त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवला.

गुळाचा वास आला. त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले. ते घाईघाईने नकाशाकडे वळले. ओसवाल आणि पतंगे यांच्या मध्ये लिहायचं होतं की खोडायचं होतं, त्यांचं त्यांनाच उमगेना. पेन्सिल घ्यायला त्यांनी उजवा हात झपकन पुढे केला, तोच बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

"हळू, मास्तर... तेल सांडंल."