चकोराचे डोळे

पूर्वी शंखवती नगरीत अरिंजय राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी उपशम नावाचा अमात्य होऊन जन्मला होता.

अरिंजयाचा बाप विषाने गेलेला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा तर पाणीसुद्धा फुंकून पीत असे. राणीवर संशय, भावावर संशय, वैद्यावर तर दुप्पट. विश्वास एकट्या चकोरावर. विषारी अन्न दिसताच चकोराचे लाल डोळे फिकट पडतात, असे त्या काळी सारेच म्हणत. म्हणून प्रत्येक ताट आधी पिंजऱ्यापुढे जाई, मग राजापुढे येई.

एका सकाळी खिरीपुढे पक्ष्याचे डोळे फिकटले. राजाने तत्काळ आचारी भद्रिकाला बांधून आणवले आणि सुळाची आज्ञा दिली.

"महाराज, या हातांनी एकवीस वर्षं तुम्हांला जेवू घातलं," भद्रिक रडत म्हणाला. "आता एका पाखरावरून मला मारता?"

"पाखराला लाच देता येत नाही," राजा म्हणाला.

उपशम पुढे झाला. "डोळे फिकटले म्हणजे विष, हे कुणी पाहिलंय?"

राजाने चकोर सांभाळणाऱ्याकडे बोट केले. तो म्हणाला, "माझे वडील सांगत."

"त्यांनी पाहिलं होतं?"

"त्यांना आजोबांनी सांगितलं."

राजाला हा चौकसपणा खटकला. अमात्य आचाऱ्याला सामील तर नाही? तोच उपशमाने खिरीचे भांडे उचलले.

"म्हणजे विष नाही हे तुला ठाऊक आहे तर!" राजा ओरडला.

"मला ठाऊक नाही, महाराज. तुम्हांलाही नाही. आणि तरी एक जीव जातो आहे." एवढे बोलून त्याने खीर खाल्ली.

राजा दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिला. त्याचे ओठ पाहिले, नखे पाहिली. दिवस कलला तेव्हा उपशमाने संकोचून विचारले, "जेवायला काही मिळेल का?"

राजाने स्वतः भद्रिकाचे दोर सोडले. मग चिडून म्हणाला, "म्हणजे पाखरू खोटं बोललं!"

"पाखरू काही बोललंच नव्हतं, महाराज. बोललो ते आपण."

राजाने पिंजऱ्याकडे पाहिले. याआधी स्वयंपाकघरातले दुसरे दोन आचारी याच डोळ्यांपायी सुळावर गेले होते. त्यांचे अन्न न चाखताच पुरले होते. अरिंजयाला आयुष्यात प्रथमच स्वतःचा संशय आला, आणि त्याला रडू फुटले.

एवढे सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, ऐकीव गोष्टीवरून सोबत्यावर चोरीचा आळ घेणारा हा तिष्यक तेव्हा राजा होता. आळ सोसणारा नंदिक आचारी होता, आणि अमात्य मीच होतो. ठाऊक नसताना 'ठाऊक नाही' म्हणणे, आणि जीव जात असेल तर स्वतः पारखून पाहणे, याचे नाव प्रज्ञा."