भागाईचे चांदीचे चाळीस

आमच्या गावात भागाई बुरडीण होती. सुपं, टोपल्या विणून तिनं चांदीचे चाळीस रुपये जमवले आणि आबासाहेब देशमुखांच्या तिजोरीत ठेवायला दिले. देताना एकेक रुपया दगडावर वाजवून दिला. तो खणखणाट अजून माझ्या कानात आहे. तेव्हा तेवढ्यात एक म्हैस यायची.

पंधरा वर्षं गेली, चांदी महागली. ओढ्याकाठचं बांबूचं बेट विकायला निघालं, तशी भागाई ठेव मागायला चावडीवर गेली. आबासाहेबांनी चाळीस रुपयांच्या नोटा तिच्या पदरात टाकल्या.

“सरकार, यात शेळीसुद्धा येत नाही. माझे चांदीचे द्या.”

“अगं वेडे, रुपया तो रुपया! चांदीचा काय, कागदाचा काय, दोन्ही सारखेच.”

“भैरोबाची आण?”

“भैरोबाची आण! फरक आहे म्हणेल तो मूर्ख.”

भागाईनं नोटा नीट घडी करून त्यांच्यापुढं ठेवल्या. “मग सरकार, हे तुम्हाला राहू द्या अन् ते मला द्या. सारखेच आहेत, तुमचं काय जातंय?”

सगळी चावडी हसली. आबासाहेबांना गुपचूप थैली मागवावी लागली. भागाईनं पुन्हा एकेक रुपया वाजवून घेतला आणि बेट विकत घेतलं.

ते बेट अजून आहे. तिथंच एकदा मी तिला विचारलं, “एवढी वर्षं थांबलीस कशी गं?”

विणता विणता ती म्हणाली, “मला व्याज मोजता येत नाही, बाबा. वाट बघता येते. चांदीला तेवढंच लागतं.”