एका हाकेचा देव

तळसरवाडीच्या वर जो सडा आहे, त्यावर देऊळ नाही. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे उघडे, काळपट जांभ्याचे पठार. त्यावर झाड धरत नाही, माती टिकत नाही, वारा मात्र बारा महिने असतो. या पठाराच्या मधोमध दोन दगड समोरासमोर आहेत. एक उभा, गुडघ्याएवढा. त्याला ना डोळे, ना शेंदूर. दुसरा आडवा, आणि माणसे बसून बसून मधे खोलगट झालेला. उभा दगड देवाचा, आडवा माणसाचा. इथे नारळ फुटत नाही, घंटा नाही, कौल लावत नाहीत, आणि गाऱ्हाणे घालायला तर सक्त मनाई आहे. मागायचे असेल त्याने खाली गावदेवीकडे जावे. इथे रोज तिन्हीसांजेला वाडीतल्या एका घरचे एक माणूस चढून येते, आडव्या दगडावर बसते आणि "ओ" म्हणते.

हाक कुणीच मारलेली नसते.

गेल्या मार्गशीर्षात सडा पाहायला चौघे पाहुणे आले होते. त्यांना वर घेऊन आला तो धाकटू गुरव. वय ऐंशीच्या पुढे, एक गुडघा कामातून गेलेला. नाव धाकटू असले तरी वाडीत आता त्याच्याहून थोरले कुणी उरलेले नाही. पाहुण्यांतली मुक्ता नावाची मुलगी त्या खोलगट दगडावर टेकू लागली, तसा तो म्हणाला, "तिथं नको गो. ती जागा अजून लागायची हाय."

"कुणाला, आबा?"

"सांगतो. वारा तिकडनं येतोय, माझ्या या बाजूला बसा, म्हंजे ऐकू येईल."

आणि आजोबांकडून जसे ऐकले होते तसे त्याने सांगितले.

देवाने जग केले ते आधी माणसावाचूनच केले म्हणे. डोंगर केले, ते बसले. नद्या केल्या, त्या उताराने गेल्या. गवा केला, बिबळ्या केला, मुंगी केली. ज्याला जे काम नेमून दिले ते त्याने कधी चुकवले नाही. सगळे मनासारखे झाले. मग देव या सड्यावर टेकला आणि त्याला वाटले, कुणाशी तरी बोलावे. त्याने हाक मारली. समोरच्या डोंगराने ती जशीच्या तशी परत केली. त्याने नदीला बोलावले. ती येतच होती, न बोलावताही आली असती. गव्याला बोलावले, तो आला आणि मान खाली घालून उभा राहिला, कारण न यायची त्याला सोयच नव्हती. ज्याला न येणे जमतच नाही, त्याच्या येण्यात काय गोडी? सगळे जग देवाच्या शब्दात होते, आणि म्हणूनच देव एकटा होता.

तेव्हा त्याने सड्याच्या भेगेतली मूठभर तांबडी माती काढली, ती दवात भिजवली आणि माणूस केला. त्याच्यात त्याने एक गोष्ट ठेवली, जी दुसऱ्या कशातही ठेवली नव्हती. ओ न देण्याची मुभा. मग देव थोडा लांब जाऊन बसला आणि त्याने हाक मारली. माणसाने वळून पाहिले. तो जरा थांबला. मग म्हणाला, "ओ."

त्या थांबण्यातच देवाला सगळे मिळाले, असे सांगतात.

पण माणसाला पाणी लागते, भात लागतो. तो सडा उतरून खाली गेला, त्याने शेते केली, घरे केली, आणि वरचे विसरला. देव मात्र रोज तिन्हीसांजेला कुणातरी एकाला नावाने हाक मारी. एकच. दुसरी कधी नाही. खाली लोकांना आवाज यायचा, माणूस दिसायचे नाही. ते भ्याले. आयांनी लेकरांना शिकवले की तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. भुताला दुसरी हाक मारता येत नाही. पिढ्यान् पिढ्या हे शहाणपण म्हणून पाळले गेले. एकदाच हाक मारणारा जगात एकच होता, आणि नेमके त्यालाच सगळ्यांनी मिळून दाराबाहेर ठेवले.

अशी युगे गेली. मग ठकीचा काळ आला.

ठकी गवळी धनगरांची. सड्याच्या कडेला तिच्या सासरचे एकच घर होते. एका फाल्गुनात साथ आली आणि अकरा दिवसांत तिचा नवरा, सासू आणि दोन्ही मुली गेल्या. उरली ती आणि मोरी म्हैस. खालच्या गावाने शिवेवर पायवाट अडवून काटेरी फांद्यांची काटी टाकली. तिथल्या एका दगडावर ते तांदूळ ठेवायचे आणि ती यायच्या आत निघून जायचे. इथे धाकटू दरवेळी थांबतो आणि म्हणतो, "गावाला नावं ठेवू नका. तांदूळ ठेवत होते. पण दगडावर नुसता तांदूळच असायचा, शब्द नसायचा."

महिना होत आला असेल. ठकी मोरीची धार काढत होती. सड्यावरून आवाज आला, "ठके."

तिचे हात थांबले. सासूने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवले होते, मोजायचे. तिने दात आवळले आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. घरात शिरून तिने दाराला आडणा घातला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा, "ठके." एकदाच. तिसऱ्या दिवशीही. असे बरेच दिवस चालले. आवाज ओळखीचा नव्हता आणि परकाही वाटत नव्हता. भीती कमी झाली नाही, पण एक दिवस तिच्या ध्यानात आले की आपण सकाळपासून त्या हाकेकडेच कान लावून बसलो आहोत. त्या संध्याकाळी मोरीला हाकताना तिचा स्वतःचा आवाज इतका घोगरा निघाला की तीच दचकली. आणखी चार दिवसांनी तोही निघायचा नाही, असे तिला वाटले. भूत तर भूत, ती मनात म्हणाली. मारील तर मारील. नाव तरी घेतो.

हाक आली. ठकी म्हणाली, "ओ."

बराच वेळ काहीच झाले नाही. इतक्या युगांनी ओ आली होती. पुढे काय बोलतात हे देवालाही आठवेना, असे सांगतात. मग अगदी हळू आवाज आला, "जेवलीस का गो?"

ठकी तिथेच बसून रडली. साथ आल्यापासून तिला हे कुणी विचारले नव्हते.

तेव्हापासून ती रोज सड्यावर जाऊन बसू लागली. समोर उभा दगड, इकडे ती. ती दिवसभराचे सांगे. मोरीने आज कमी दूध दिले, कुंपणातून साळिंदर शिरले, तांदळात खडे फार होते. तो ऐके. मधेच विचारी, "मग?" त्याला सगळे ठाऊक होते, पण सांगितलेले नव्हते कुणी.

एकदा तिने विचारले, "तू तीनदा हाक का नाय मारत? आमच्यात तीनदा मारतात. लोक उगीच भ्यायले तुला."

"तीनदा मारली की तिचा हुकूम होतो," तो म्हणाला. "हुकमात वागणारे मला उदंड होते, ठके. डोंगर होते. म्हणून तर तुम्हाला केलं."

मग जे इतके दिवस घशाशी होते ते तिने विचारले. "बोलायलाच केलंस, तर माझ्या पोरींना का नेलंस? त्यापण बोलायच्या. धाकटी तर थांबायची नाय."

देवाने उत्तर दिले नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. धाकटूचे आजोबा सांगायचे की उत्तर होते पण माणसाला झेपणारे नव्हते. त्यांच्या आधीचे सांगायचे की उत्तरच नव्हते. एवढे मात्र सगळे सांगतात की उन्हाचे दिवस असूनही तो उभा दगड ओला झाला होता.

ठकी उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी हाक आली, तिने ओ दिली नाही. नऊ दिवस दिली नाही. नऊही दिवस हाक एकदाच आली, जराही चढली नाही, जराही रागावली नाही. दहाव्या दिवशी हाक येऊन गेल्यावर जी शांतता पसरली ती ठकीने नीट ऐकली. ती तिच्या ओळखीची होती. शिवेवरच्या त्या दगडाशी, तांदूळ ठेवून माणसे निघून गेल्यावर, तीच शांतता असायची. तिला कळले की याची वाट आपण काटी टाकून अडवली आहे. तो वरून ती काटी एका बोटाने काढू शकतो, आणि काढत नाही.

ती सड्यावर गेली, आडव्या दगडावर पाठ फिरवून बसली आणि म्हणाली, "ओ. बोलायचं नाय मला. पण हाय मी."

साथ ओसरली. दसऱ्याच्या सुमारास गावाने काटी काढली आणि माणसे वर आली, तर ठकी दगडाशी गप्पा मारत बसलेली. हिला बाधा झाली, असे ठरले. उतारा करायला राघो गुरव आला. धाकटूच्या घराण्याचा तो मूळपुरुष. जाणता, कडक, हातात अंगारा. तो मंत्र म्हणत असतानाच तिन्हीसांज झाली आणि हाक आली.

"राघू."

राघोच्या हातातला अंगारा वाऱ्याने गेला. त्याला लहानपणापासून या हाका यायच्या. आईच्या पदराखाली लपून त्याने त्या टाळल्या होत्या, आणि मोठेपणी त्याच हाकांवरचे मंत्र तो शिकला होता. तो दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभा राहिला.

"येणार नाय ती," ठकी म्हणाली. "द्या की ओ, गुरवानू. किती ताटकळवाल त्याला? म्हातारा होईल तो."

राघोने तोंड उघडले. आवाज फुटायला वेळ लागला. पण ओ दिली.

ठकी पुढे पुष्कळ वर्षे जगली. मरताना तिने राघोकडून एकच वचन घेतले: सड्यावरचा आडवा दगड संध्याकाळी रिकामा राहू द्यायचा नाही. मागायचे काही नाही. रागावलेले असाल तर रागावून जा, बोलायचे नसेल तर पाठ फिरवून बसा, पण "हाय" म्हणून या. राघोने वाडीतल्या एकोणीस घरांच्या पाळ्या लावल्या. ठकी गेली त्या दिवसापासून हाक कुणाला ऐकू आली नाही. का, ते सांगत नाहीत. पाळी मात्र मोडली नाही.

"एवढंच," धाकटू म्हणाला आणि त्याने गुडघा दाबला.

"आता किती घरं येतात वर?" मुक्ताने विचारले.

"एकोणिसातली सतरा बंद हायत. ठाण्याला, पुण्याला, सुरतेला. अठराव्या घरातली काकी अंथरुणावर." तो हसला. "ऱ्हायलो मी. सगळ्यांच्या पाळ्या माझ्याच. देवाला म्हाइत असेल, पण तो बोलत नाय."

ऊन समोरच्या डोंगरावर चढले होते. तो उठला, लंगडत आडव्या दगडापाशी गेला, खोलगट जागी बसला. "ओ," तो म्हणाला. "आज खापऱ्यांची पाळी. ती ठाण्याला हायत. नातीचं लगीन ठरलं. बरी हायत." मग जरा थांबून, "मीपण हाय."

वारा तेवढा होता.

"आबा," मुक्ता हळूच म्हणाली, "तुमच्यामागं कोण?"

"तोच इचार करतो," धाकटू म्हणाला. "पूर्वी त्यानं एकट्यानं युगं काढली. सवय होती त्याला. आमी ती मोडली. आता परत एकटं टाकायचं म्हंजे..."

पाहुणे उतरू लागले. धाकटूला गुडघ्यामुळे वेळ लागणार होता. तुम्ही व्हा पुढे, तो म्हणाला. पूर्वी काटी पडायची त्या शिवेपाशी ते आले, तेव्हा वरून आवाज आला.

"मुक्ते."

चौघेही थांबले. दुसरी हाक येईल म्हणून बाकीचे तिघे वर पाहत राहिले, कारण सगळीकडे लोक असेच करतात. मुक्ता मात्र दोन पावले मागे चढली आणि तिने ओ दिली. आवाज सड्यापर्यंत जावा म्हणून चांगली मोठ्याने दिली.

"काय नाय," वरून धाकटू म्हणाला. "जेवून जा. माझ्याकडं पिठलं हाय."

आजही तळसरवाडीत कुणी कुणाला दुसऱ्यांदा हाक मारत नाही. एकदा मारतात, आणि थांबतात.