चिचुंद्रीचं जुनं फडकं

एका बांधाच्या पोटात राहायची एक चिचुंद्री. तिथंच तिची पोरं राहायची. आणि पोरांची भूकसुद्धा तिथंच राहायची.

एकदा काय झालं, सशिणीच्या बाळाचं बारसं निघालं. चिचुंद्रीनं डबा झाडला. शेवटचे तीळ निघाले. त्यांचा केला एक लाडू.

पोरं म्हणाली, "आई, येताना घुगऱ्या आण."

"आणते रे. बारशाला उकडलेले हरभरे वाटतातच."

लाडू बांधायला होतं एक फडकं. पोरांच्या दुपट्याचं. जुनं, मऊ. ते धुऊन घातलं वाळत. आला वारा, भुर्रर्र. फडकं अडकलं बाभळीच्या काट्याला.

चिचुंद्री निघाली, लुटुलुटु, लुटुलुटु.

"बाभूळबाई, बाभूळबाई, फडकं दे."

"असल्या चिंधीसाठी? मी नाही देत. शेळी फांदी वाकवेल, तर देईन."

लुटुलुटु, लुटुलुटु. शेळी बारशाची चकचकीत कागदातली भेट मिरवत होती.

"शेळीताई, शेळीताई, फांदी वाकव. बाभूळ फडकं देईना."

"असल्या चिंधीसाठी? मी नाही वाकवत. भेटीची रिबीन माझ्या शिंगांत गुंतली. कावळा सोडवेल, तर वाकवीन."

लुटुलुटु, लुटुलुटु. कावळा भेट बांधता बांधता लंगडत होता.

"कावळेदादा, कावळेदादा, रिबीन सोडव. शेळी फांदी वाकवेना. बाभूळ फडकं देईना."

"असल्या चिंधीसाठी? मी नाही सोडवत. भेटीची चिकटपट्टी माझ्या पायाला चिकटली. खेकडा कापेल, तर सोडवीन."

लुटुलुटु, लुटुलुटु. खेकडा डोळा चोळत बसला होता.

"खेकडेबुवा, खेकडेबुवा, चिकटपट्टी काप. कावळा रिबीन सोडवेना. शेळी फांदी वाकवेना. बाभूळ फडकं देईना."

"असल्या चिंधीसाठी? मी नाही कापत. भेटीची चमकी माझ्या डोळ्यात गेली. मुंगी काढेल, तर कापीन."

लुटुलुटु, लुटुलुटु.

"मुंगूताई, मुंगूताई, चमकी काढ. खेकडा चिकटपट्टी कापेना. कावळा रिबीन सोडवेना. शेळी फांदी वाकवेना. बाभूळ फडकं देईना."

मुंगी म्हणाली, "भेट बांधायला बसले, आणि स्वतःच बांधले गेले होय? चल बाई, काढते."

मुंगीनं चमकी काढली, टिच्च. खेकड्यानं चिकटपट्टी कापली, कच्च. कावळ्यानं रिबीन सोडवली, सुर्रर्र. शेळीनं फांदी वाकवली, कर्रर्र. बाभळीनं फडकं दिलं, अलगद.

चिचुंद्रीनं लाडू बांधला. मुंगीला बोट दिलं. दोघी बारशाला पोचल्या.

तिथं सशिणीनं भेटी उघडल्या. शेळीचा कागद, टर्र. कावळ्याचा कागद, टर्र. खेकड्याचा कागद, टर्र टर्र. फडक्याची गाठ मात्र नुसती सुटली.

लाडू बाळाला मिळाला. मग आल्या घुगऱ्या, गरम गरम, ओल्या ओल्या.

सशीण म्हणाली, "घरच्यांसाठी न्या हो. पसरा आपापलं."

शेळीनं फाटका कागद पसरला. घुगऱ्या धुळीत. कावळ्यानं पसरला. धुळीत. खेकड्याचा तर उचलताच विरघळला. कागदांना चमक होती, बूड नव्हतं.

चिचुंद्रीनं फडकं झटकलं आणि पसरलं. सशिणीनं ते काठोकाठ भरलं.

शेळी हळूच म्हणाली, "चिचुंद्रीबाई, थोडी चिंधी देतेस का?"

"असल्या चिंधीत? तुम्हाला शोभायचं नाही हो," चिचुंद्री म्हणाली. मुंगीला मात्र तिनं फडक्यातला एक हरभरा दिला.

मग गाठोडं घेऊन घरी, लुटुलुटु, लुटुलुटु. पोरं पोटभर जेवली, दुसऱ्या दिवशीही जेवली. फडकं धुऊन वाळत घातलं, या खेपेला गाठ मारून. आणि बांधाच्या पोटातली ती भूक गेली दुसरीकडे राहायला.