राजेसाहेबांची सायकल जड झाली

खडकवणच्या राजेसाहेबांच्या धोतरावरून संध्याकाळी एक बिनदिव्याची सायकल गेली आणि साऱ्या गावामागे शुक्लकाष्ठ लागलं! दवंडी पिटली, "दिवेलागणीनंतर राजवाड्यासमोर ज्या सायकलचा दिवा बंद दिसेल, ती जप्त!"

आता गंमत बघा. राजवाड्यासमोर सायकलवरून उतरून चालत जायचं, ही गावाची जुनी रीत. आणि डायनामोचा दिवा तर चाक जोरात फिरेल तेवढाच पेटणार! माणूस अदबीनं उतरला की दिवा गप्प. लोकांनी करायचं काय, कपाळ?

येसू गवळणीची सायकलही अशीच गेली. सायकल नाही म्हणजे पलीकडच्या वाडीचा दुधाचा रतीब बुडाला, आणि तिचं घर चालायचं त्या रतिबावर. ती तडक दरबारात शिरली.

"महाराज, माझ्याकडे पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल आहेत. सायकल चालवताना डायनामोवर ते भरतील, उतरलं की तेच दिवा पेटवतील. सायकल द्या, दाखवते!"

"आधी दिवा, मग सायकल!" राजे मिशी पिळत म्हणाले. "आणि ऐक. राजवाड्याच्या विजेवर सेल भरायचे नाहीत. माझ्या प्रजेतल्या कुणाचा पाय पॅडलला लागता कामा नये. आठवड्यात दिवा पेटला नाही, तर सायकल कायमची माझी!"

वीज तर राजवाड्याखेरीज कुठे नव्हतीच. पण येसू म्हणाली, "चालेल! तोवर आपल्या व्यायामाच्या सायकलला तेलपाणी करू का? फार कुरकुरते हो, रस्त्यापर्यंत ऐकू येतं!"

राजे खूश झाले. वैद्यबुवांच्या हुकमावरून ते रोज सकाळी स्टँडवर चढवलेल्या सायकलवर जागच्या जागी पॅडल मारत.

दुसऱ्याच दिवशी ते ओरडले, "अगं, ही तर जड झाली! तेल घातलंस की गुळाचा पाक?"

"पोट उतरवायचं तर जडच बरी, महाराज!"

वैद्यबुवांनी मान डोलावली. राजे बिचारे घाम गाळत राहिले.

आठवडा सरला. येसूनं दरबारात दिवा मांडला. लोणच्याच्या बरणीच्या झाकणात बल्ब, खाली डब्यात सेल. कळ दाबली आणि लख्ख उजेड पडला!

"लबाडी! कुणाचे पाय वापरलेस?" राजे गरजले. "नाव सांग, आत्ता कोठडीत टाकतो त्याला!"

"टाका की! पण जाताना उशी घेऊन जा, महाराज. तिथली फरशी फार टोचते म्हणतात."

साऱ्या दरबाराच्या माना राजांकडे वळल्या.

"सायकल जड लागत होती ना? तेलपाणी करताना मागच्या चाकाला मी एक जुना डायनामो टेकवला होता आणि त्याला सेल जोडले होते. आपण मागे वळून बघितलं असतं तर दिसला असता! रोज सकाळी आपण पॅडल मारलं आणि सेल भरले. आणि आपण काही प्रजा नव्हे!"

राजे खो खो हसत सुटले. "सोडा रे सगळ्यांच्या सायकली! प्रत्येक सायकलला खजिन्यातून असे सेल द्या! आणि येसू, आजपासून राजवाड्याचा रतीब तुझा. फक्त तेवढा डायनामो काढ बाई, मांड्या भरून आल्या!"

"मुळीच काढायचा नाही!" वैद्यबुवा मध्येच म्हणाले. "कमरबंद बघा, महाराज, किती सैल झालाय!"

राजांनी खाली बघितलं, आणि दोन्ही हातांनी कमरबंद धरून पुन्हा हसायला लागले.